चुकलेल्या भेटी: करोनाकाळात उपनगरांतील बाळंतपण आणि बालसंगोपन

मुंबई उपनगर जिल्ह्यात गरोदर बाईची आणि लहान मुलाची सरकारी काळजी जिल्हा परिषदेकडे नसते, कारण या जिल्ह्याला जिल्हा परिषदच नाही. १ ऑक्टोबर १९९० रोजी शहर जिल्ह्यापासून वेगळा झालेला, अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या तीन तालुक्यांचा हा जिल्हा आरोग्याच्या बाबतीत बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हाती आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३ लाखांच्या वर होती. गावाकडे ओळखीची असलेली उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय ही उतरंड येथे सापडत नाही. येथे वॉर्ड आहेत: के पूर्व आणि के पश्चिम म्हणजे अंधेरी, आर मध्य म्हणजे बोरिवली, एन म्हणजे घाटकोपर, टी म्हणजे मुलुंड. प्रत्येक वॉर्डात पालिकेचे दवाखाने आहेत, काही ठिकाणी प्रसूतिगृहे आहेत, आणि त्यांच्या वर राजावाडी, कूपर, कांदिवलीचे शताब्दी यांसारखी मोठी रुग्णालये आहेत.

या सगळ्याच्या तळाशी ‘हेल्थ पोस्ट’ या नावाने ओळखले जाणारे आरोग्य केंद्र असते. जागतिक बँकेच्या मदतीने १९८८ मध्ये सुरू झालेल्या पाचव्या भारत लोकसंख्या प्रकल्पातून मुंबईत ही केंद्रे उभी राहिली. एखाद्या वस्तीच्या तोंडाशी दोन-तीन खोल्या, एक वैद्यकीय अधिकारी, एक-दोन परिचारिका आणि मानधनावर काम करणाऱ्या आरोग्यसेविका, एवढाच त्यांचा संसार. या सेविका बहुधा त्याच वस्तीत राहणाऱ्या असतात. कोणाला दिवस गेले, कोण गावाहून नुकती आली, कोणाच्या बाळाचा डोस राहिला, हे त्यांच्या वहीत असते आणि वहीपेक्षा जास्त त्यांच्या डोक्यात असते. गावात जे काम ‘आशा’ करते ते करोनाच्या काळात मुंबईत प्रामुख्याने यांच्याकडे होते.

माता-बाल आरोग्यसेवा म्हणजे खरे तर ठरलेल्या वेळी होणाऱ्या भेटींची मालिका. तीन महिन्यांच्या आत नाव नोंदवायचे, गरोदरपणात किमान चार तपासण्या, धनुर्वात-घटसर्पाची दोन इंजेक्शने, १८० लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, एखादी सोनोग्राफी, मग रुग्णालयात बाळंतपण. बाळाला जन्मतः बीसीजी, तोंडावाटे पोलिओ आणि कावीळ ‘ब’ची लस, पुढे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट व तिच्या जोडीच्या लसी, नवव्या महिन्यात गोवर-रुबेला आणि सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यात तिचा दुसरा डोस. आई आणि मूल मिळून दोन-सव्वादोन वर्षांत दहा भेटी तरी होतात. यांतली कोणतीही एक भेट चुकली म्हणून त्या दिवशी काही बिघडत नाही. म्हणूनच संकट आले की सर्वात आधी त्याच सोडल्या जातात.

मुंबईत करोनाचे पहिले रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळले. २२ मार्चला लोकल थांबली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. संसर्ग उपनगरांत पसरण्याच्या आधीच उपनगरांतले अंतर वाढले. मुंबईची रुग्णालय व्यवस्था लोकलच्या भरवशावर बेतलेली आहे. मुलुंड-भांडुपची गुंतागुंतीची केस शीवला, बोरिवली-दहिसरची कूपरला किंवा थेट नायर-केईएमला जाणार, हे गृहीत धरलेले असते. घाटकोपर आणि अंधेरी यांना जोडणारी मेट्रोही मार्चमध्ये बंद पडली ती १९ ऑक्टोबरला सुरू झाली. १५ जूनपासून लोकल अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी धावू लागली; सर्वसाधारण महिला प्रवाशांना २१ ऑक्टोबरपर्यंत वाट पाहावी लागली. रुग्णालयात जाणाऱ्या गरोदर बाईला कायद्याने कोणी अडवलेले नव्हते. पण रिक्षा नाही, बस तुरळक, नाक्यावर पोलीस, आणि असल्फ्यासारख्या डोंगरावरच्या वस्तीतून आधी पायऱ्या उतरून खाली यायचे. तपासणीची तारीख आली तरी ‘जरा निवळू दे, मग बघू’ असे घरोघरी ठरले, यात नवल नाही.

त्यात उपनगरांची जुनी दुखणी होती. मुलुंडचे अगरवाल आणि बोरिवलीचे भगवती ही पालिकेची दोन्ही रुग्णालये महामारीच्या आधीपासून पुनर्बांधणीत अडकलेली होती. मरोळचे सेव्हन हिल्स रुग्णालय करोनासाठी घेतले गेले. एप्रिलमध्ये मुंबई सेंट्रलजवळचे नायर रुग्णालय पूर्णपणे करोना रुग्णांसाठी राखीव झाले, म्हणजे करोना नसलेल्या बाळंतिणीसाठी एक मोठे दार बंद झाले. ज्या प्रसूतिगृहात कर्मचारी बाधित सापडला ते काही दिवस बंद राही, आणि तिथे नाव घातलेल्या बायकांना ऐनवेळी दुसरीकडे पाठवले जाई.

खासगी बाजूचे चित्र वेगळे होते, बरे नव्हते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत मध्यमवर्गाची बाळंतपणे बहुतांशी निवासी इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये होतात. डॉक्टर पतिपत्नी अनेकदा साठीच्या पुढची, परिचारिका आणि आया विरार, कल्याण, बदलापूरहून येणाऱ्या. गाडी बंद झाल्यावर कर्मचारीच पोहोचेनात. संरक्षक पोशाख मिळेनात. वरच्या मजल्यांवरच्या रहिवाशांना खाली दवाखाना नको झाला. कित्येक नर्सिंग होम बंद राहिली. परवाना रद्द करण्याच्या नोटिसा निघाल्या, त्यांचा उपयोग थोडाच झाला, कारण सर्वांचे कारण भित्रेपणा हेच नव्हते. पुढे राज्य सरकारने खासगी रुग्णालयांच्या दरांवर मर्यादा घातली; मे २०२० च्या आदेशात साध्या बाळंतपणाला ७५ हजार आणि सिझेरियनला ८६ हजार २५० रुपये अशी कमाल रक्कम होती. यापूर्वी पालिकेच्या रुग्णालयाची पायरी न चढलेली अनेक कुटुंबे त्या उन्हाळ्यात राजावाडी आणि कूपरच्या रांगेत उभी राहिली.

सर्वात जास्त हाल झाले ते चाचणीच्या अहवालापायी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २० एप्रिल २०२० रोजी सूचना काढली की, प्रतिबंधित क्षेत्रांतून येणाऱ्या आणि बाळंतपण पाच दिवसांत होण्याची शक्यता असलेल्या गरोदर स्त्रियांची लक्षणे नसली तरी चाचणी करावी. सूचना शास्त्रीयदृष्ट्या योग्य होती. तरुण, निरोगी बाईत लक्षणे दिसत नाहीत आणि प्रसूतिकक्षात तास न् तास जवळून काम करावे लागते. या चाचणीमागचा विचार किती रास्त होता, ते जुलैमधल्या रक्तद्रव सर्वेक्षणात दिसले. नीती आयोग, पालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तीन वॉर्डांत केलेल्या या पाहणीत झोपडपट्टीतल्या ५७ टक्के आणि इतर वस्तीतल्या १६ टक्के लोकांच्या शरीरात संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. तीन वॉर्डांपैकी दहिसरचा आर उत्तर हा एक होता. स्त्रियांमधले प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित अधिक होते.

घोळ अंमलबजावणीत झाला. अहवाल यायला एक-दोन दिवस लागत, आणि कळा थांबायला तयार नसतात. ‘आधी रिपोर्ट आणा’ हे वाक्य रुग्णालयांच्या दारात ठरून गेले. अहवाल नाही म्हणून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फिरवल्या गेलेल्या बायकांच्या बातम्या एप्रिल-मेमध्ये सतत येत होत्या. हा प्रश्न जनहित याचिकेतून मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि गरोदर स्त्रियांसाठी काय व्यवस्था आहे याचे उत्तर राज्य व पालिकेला द्यावे लागले. १८ मेच्या सुधारित धोरणात परिषदेने स्पष्टच लिहिले की, चाचणी नाही म्हणून बाळंतपणासह कोणतीही तातडीची प्रक्रिया लांबवू नये. जूनच्या मध्यास अर्ध्या तासात निकाल देणाऱ्या अँटिजेन चाचणीला मान्यता मिळाली आणि खासगी प्रयोगशाळांतील चाचणीचा साडेचार हजारांचा दर राज्याने २,२०० रुपयांवर आणला. त्यानंतर दारातली ही अडवणूक सैल झाली. अडीच-तीन महिने मात्र गेलेच.

बाधित मातांची बाळंतपणे ही या काळातली उजवी बाजू आहे. एप्रिलपासून मे २०२० च्या अखेरच्या आठवड्यापर्यंत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात बाधित मातांची ११५ बाळे जन्मली. तीन बाळांची पहिली चाचणी बाधित आली, पुढची निर्दोष निघाली. दोन स्त्रिया दगावल्या. जगात तोवर या विषयावरचा अनुभव तुटपुंजा होता. चीनमधून आलेली वृत्ते मोजक्या रुग्णांवर आधारलेली होती. संसर्ग झाला म्हणून सिझेरियन करण्याची गरज नाही, गर्भाशयातून बाळाला लागण होणे विरळा, आणि मुखपट्टी लावून, हात धुऊन आईने बाळाला अंगावर पाजावे, या तिन्ही गोष्टी मुंबईच्या प्रसूतिकक्षांत हळूहळू रुळल्या. सुरुवातीला काही ठिकाणी बाळाला आईपासून दूर ठेवले जात होते. शीव रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी १९८९ पासून चालू आहे. पहिल्या तासातल्या दुधाचे मोल तिथल्या नवजात विभागाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

नायर रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागाने आणि परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने याच काळात बाधित गरोदर स्त्रियांची ‘प्रेगकोविड’ नोंदवही सुरू केली आणि ती राज्यातील १९ वैद्यकीय महाविद्यालयांपर्यंत नेली. ऐन धावपळीत प्रत्येक बाईची नीट नोंद ठेवण्याचे हे काम या सगळ्या प्रकरणात सर्वात कमी वाखाणले गेले असावे. पहिल्या लाटेत या नोंदवहीत ४,२०३ स्त्रिया आल्या. त्यांपैकी १३ टक्क्यांमध्येच लक्षणे होती. ३,२१३ प्रसूती झाल्या. त्यांत वेळेआधीच्या प्रसूतीचे प्रमाण १६.३ टक्के, उच्च रक्तदाबाशी निगडित विकारांचे १०.१ टक्के. ३४ स्त्रिया मृत्युमुखी पडल्या, म्हणजे ०.८ टक्के, मुंबई महानगर विभागात हे प्रमाण ०.७ टक्के होते. रक्तक्षय, क्षयरोग आणि मधुमेह या तीन आजारांचा मृत्यूंशी संबंध आढळला. तिन्ही आजार गरोदरपणातल्या नेहमीच्या तपासणीत वेळेवर सापडू शकतात.

दुसऱ्या लाटेने हिशेब बदलला. एकट्या नायरमध्ये एप्रिल २०२० ते जानेवारी २०२१ या काळात १,१४३ बाधित गरोदर व बाळंत स्त्रिया दाखल झाल्या आणि त्यांपैकी ८ दगावल्या. फेब्रुवारी ते मे २०२१ च्या मध्यापर्यंत दाखल झालेल्या ३८७ पैकी २२ दगावल्या. प्रमाण ०.७ वरून ५.७ टक्क्यांवर गेले. लक्षणे असणाऱ्या स्त्रियांचा वाटा १४.२ वरून २८.७ टक्के झाला. गरोदरपणात फुप्फुसांना जागा कमी पडते, प्राणवायूची गरज वाढते, रक्त गोठण्याकडे कल असतो. विषाणूचा नवा प्रकार या तिन्हींवर घाव घालणारा ठरला.

याच काळात लसीचा प्रश्न अनुत्तरित होता. देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले, पण गरोदर आणि स्तनदा माता त्यातून वगळलेल्या होत्या, कारण लसीच्या मूळ चाचण्यांत त्यांना घेतलेलेच नव्हते. स्तनदा मातांना १९ मे रोजी आणि गरोदर स्त्रियांना २ जुलै रोजी परवानगी मिळाली. मुंबईत गरोदर स्त्रियांचे लसीकरण जुलैच्या मध्यास सुरू झाले. तोपर्यंत दुसरी लाट ओसरली होती. परवानगीनंतरही प्रतिसाद मंद राहिला. सहा महिने ‘तुम्हाला चालणार नाही’ असे ज्यांना सांगितले, त्यांनी एका रात्रीत दंड पुढे करावा ही अपेक्षा जरा जास्तच होती.

बाधित नसलेल्या, म्हणजे बहुसंख्य, गरोदर स्त्रियांचे काय झाले हे सांगणे अधिक अवघड आहे, कारण त्यांची नोंदवही कोणी ठेवली नाही. काय चुकले ते मात्र ठाऊक आहे. रक्तदाब मोजणे ही दोन मिनिटांची तपासणी आहे आणि घरी बसून, फोनवरून ती होत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात चढलेला रक्तदाब वेळेवर कळला तर गोळ्यांनी आवरतो. कळला नाही तर झटके येऊन बाई थेट अतिदक्षता विभागात पोहोचते. हिमोग्लोबिन सातवर आले आहे हे बाळंतपणाच्या दिवशी कळून उपयोग नसतो, विशेषतः रक्तदान शिबिरे बंद पडलेली असताना. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने ई-संजीवनी ही दूरसल्ला सेवा आणली, अनेक स्त्रीरोगतज्ज्ञ व्हॉट्सअॅपवर अहवाल पाहून सल्ला देऊ लागले. ज्यांच्या घरी रक्तदाबाचे यंत्र आणि स्वतःचा फोन होता त्यांना याचा खरोखर आधार झाला. वस्तीत फोन बहुधा नवऱ्याकडे असतो.

बाळंतपणाच्या मराठी रीतीलाही धक्का बसला. पहिले बाळंतपण माहेरी, हा शिरस्ता उपनगरांतल्या कोकणी आणि घाटावरच्या कुटुंबांत अजून बराच टिकून आहे. सातव्या महिन्यात रत्नागिरी-साताऱ्याला जायचे ठरलेल्या मुली ई-पासाअभावी मुंबईतच राहिल्या, आणि बाळंतिणीचे करायला गावाहून येणारी आई तिकडे अडकली. जिल्हाबंदी सप्टेंबर २०२० च्या सुरुवातीस उठली. याउलट काही बायका मे महिन्यात श्रमिक गाड्यांनी उत्तर प्रदेश-बिहारला गेल्या. त्यांचे माता-बाल संरक्षण कार्ड मुंबईचे, बाळंतपण तिकडचे, आणि लसीकरण कोणाच्याच यादीत नाही, असे झाले. रुग्णालयात तर नवऱ्यालाही आत सोडत नसत. मदतनीस नसलेल्या बाळंतिणीला उठवून बसवण्यापासून बाळाला पदराखाली घेण्यापर्यंत सगळे संरक्षक पोशाखातल्या आया आणि परिचारिकांनी केले.

शेजारच्या नेपाळमध्ये नऊ रुग्णालयांत झालेला अभ्यास २०२० मध्येच ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. टाळेबंदीत तेथील रुग्णालयीन बाळंतपणे निम्म्याहून अधिक घटली आणि मृतजन्माचे प्रमाण हजारी १४ वरून २१ वर गेले. १७ देशांतील ४० अभ्यास एकत्र करून मार्च २०२१ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या विश्लेषणात मृतजन्माची शक्यता सुमारे २८ टक्क्यांनी आणि मातामृत्यूची सुमारे ३७ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. वाढ प्रामुख्याने गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. महाराष्ट्राचे आकडे वाचताना सावध राहावे लागते. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१८ ते २०२० या काळात राज्याचे मातामृत्यू प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, देशाचे ९७. आकडा अभिमानाचा आहे, पण तो तीन वर्षांची सरासरी आहे आणि त्यातली सव्वादोन वर्षे करोनापूर्वीची आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे राज्यातले कामही २०१९ मध्येच उरकले होते. करोनाकाळात सगळे ठीक चालले होते असे सांगण्यासाठी या दोहोंचा आधार घेतला जातो, तो चुकीचा आहे.

खाटांचा प्रश्न पालिकेने सोडवला, आणि वेगाने सोडवला. गोरेगावचे नेस्को, दहिसर, मुलुंड, वांद्रे-कुर्ला संकुल येथे काही आठवड्यांत हजारो खाटांची जम्बो केंद्रे उभी राहिली. आरोग्यसेविका मात्र आठवड्यांत उभी करता येत नाही. होत्या त्याच सेविका करोनाच्या कामाला लागल्या. प्रतिबंधित इमारतींची यादी, संपर्क शोधणे, विलगीकरणातल्यांची विचारपूस, तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरणे, हे सगळे त्यांच्याकडे आले. जूनमध्ये संसर्ग उत्तर उपनगरांकडे सरकला तेव्हा २२ जूनला पालिकेने ‘मिशन झीरो’ सुरू केले. मुलुंड, भांडुप, मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर या भागांत ५० फिरते दवाखाने पाठवले गेले आणि घरोघरी तपासणी झाली. १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम चालली. दोन्ही मोहिमांनी रुग्ण लवकर सापडले यात शंका नाही. पण त्याच दारात जाऊन तीच सेविका आधी ‘कितवा महिना?’ विचारायची, आता ‘ताप आहे का?’ विचारू लागली. शिवाय वस्तीत तिच्याकडे पाहण्याची नजर बदलली. ती आली की कोणाला तरी उचलून विलगीकरणात नेतील, या धास्तीने दारे लागू लागली. वीस-वीस वर्षांत कमावलेली ओळख काही महिन्यांत पातळ झाली, आणि याची नोंद कोणत्याही अहवालात नाही.

लसीकरणाचा खंड सर्वात स्पष्ट दिसतो. एप्रिल २०२० मध्ये वस्तीतली लसीकरण सत्रे थांबली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळांचे जन्मतः द्यायचे डोस चालू राहिले. मे महिन्यात केंद्राने सूचना दिल्या, त्यांचा सारांश असा: प्रतिबंधित आणि त्यालगतच्या क्षेत्रात कोणालाही बोलावून आणू नये, दवाखान्यात आपणहून आलेल्याला मात्र लस द्यावी, इतर भागात अंतर राखून सत्रे घ्यावीत, प्रतिबंध उठल्यावर किमान १४ दिवस थांबावे. मुंबईत त्या उन्हाळ्यात प्रतिबंधित वस्त्या शेकड्यांनी होत्या. म्हणजे ज्या दाट वस्त्यांत बोलावून आणल्याशिवाय लसीकरण होत नाही, नेमक्या तिथेच बोलावणे बंद झाले. बोरिवली किंवा मुलुंडच्या सोसायटीतल्या बाळाला बालरोगतज्ज्ञ वेळ ठरवून, दवाखाना रिकामा असताना बोलवत. त्यांचे डोस लांबले पण पूर्ण झाले. देशाच्या पातळीवर पेंटाव्हॅलंटचा तिसरा डोस मिळालेल्या बालकांचे प्रमाण २०१९ मधल्या ९१ टक्क्यांवरून २०२० मध्ये ८५ टक्क्यांवर आल्याचा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा अंदाज आहे. एकही डोस न मिळालेली मुले १४ लाखांवरून ३० लाखांवर गेली.

भरपाईचे प्रयत्न झाले. राहून गेलेल्या मुलांसाठीच्या ‘सघन मिशन इंद्रधनुष’ या लसीकरण मोहिमेचा तिसरा टप्पा फेब्रुवारी-मार्च २०२१ मध्ये नेमका दुसऱ्या लाटेच्या उंबरठ्यावर आला; चौथा २०२२ च्या फेब्रुवारीपासून. मधल्या काळात त्याच परिचारिका प्रौढांच्या करोना लसीकरणाला जुंपलेल्या होत्या.

अंगणवाड्यांची गोष्ट थोडक्यात सांगता येते. टाळेबंदीत त्या बंद झाल्या आणि गरम ताज्या आहाराऐवजी गहू, डाळी, हळद-मिरची-मीठ असा कोरडा शिधा घरपोच दिला गेला. उपासमार टाळण्यासाठी तो उपयोगी पडला. पण घरात सगळ्यांचेच काम सुटलेले असताना तीन वर्षांच्या पोराच्या नावाचा गहू एकट्या त्याच्याच ताटात पडला असेल, असे कोणी म्हणणार नाही. मुलांची वजने घेणेही थांबले. वजन न घेतलेले मूल कुपोषितांच्या यादीत येत नाही, त्यामुळे कागदावर काही महिने परिस्थिती सुधारल्यासारखी दिसली तरी तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

या सगळ्याची वसुली २०२२ मध्ये झाली. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस गोवंडीच्या रफी नगरात अवघ्या ४८ तासांत तीन मुले दगावली. तपासात गोवर निघाला. गोवंडीच्या एम पूर्व वॉर्डापाठोपाठ कुर्ल्याचा एल, मालवणीचा पी उत्तर आणि शहरातले काही वॉर्ड साथीत सापडले. रुग्णसंख्या शेकड्यांवर गेली आणि कस्तुरबा रुग्णालयाचे कक्ष पुन्हा भरले, यावेळी लहान मुलांनी. बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालचे, लस न मिळालेले किंवा अर्धवट मिळालेले होते. गोवराचा एक रुग्ण प्रतिकारशक्ती नसलेल्या १२ ते १८ जणांना लागण करू शकतो, म्हणून तो रोखायला ९५ टक्के मुले लसीकृत असावी लागतात. पहिल्या टाळेबंदीत नऊ महिन्यांचे झालेले मूल या वेळी सव्वातीन वर्षांचे होते आणि दुसऱ्या लाटेत नऊ महिन्यांचे झालेले सव्वादोन वर्षांचे. हीच वये गोवराच्या पकडीत आली. दोष एकट्या महामारीचा नव्हता. गोवंडी-मानखुर्दमध्ये स्थलांतर, लसीविषयीचा संशय आणि दहा बाय दहाच्या खोल्या आधीपासून होत्याच. दोन वर्षांच्या खंडाने त्यांना मोकळे रान दिले.

उपायासाठी पुन्हा घरोघर जावे लागले. आरोग्यसेविकांनी ताप-पुरळाचे रुग्ण शोधले, मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस पाजले, कार्ड हरवलेल्या मुलांच्या नव्याने याद्या केल्या. काही ठिकाणी स्थानिक मौलवी आणि मंडळांचे कार्यकर्ते सोबत घ्यावे लागले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी केंद्राने साथीच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेलाचा एक जादा डोस देण्याची शिफारस केली. जिथे नऊ महिन्यांखालच्या बाळांचे प्रमाण एकूण रुग्णांच्या १० टक्क्यांहून अधिक होते, तिथे सहा महिने पूर्ण झालेल्या बाळांनाही डोस द्यायचा होता, आणि डिसेंबरात पालिकेने तो द्यायला सुरुवात केली. सहा ते नऊ महिन्यांतला हा डोस नेहमीच्या वेळापत्रकात धरला जात नाही. त्या बाळाला नवव्या आणि सोळाव्या महिन्याचे डोस घ्यावेच लागतात.